पोत्याची मागची बाजू

जळगावच्या मेहरूण तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांत कुत्री घेऊन येणारे आता बरेच झाले आहेत. गेल्या महिन्यात तिथे एका पिल्लावरून वाद पेटला. पाच महिन्यांचा जर्मन शेफर्ड, पुढचे दोन्ही पाय मनगटापासून बाहेर वळलेले, चार पावलं चालला की मटकन बसायचा. अमळनेरकडचे एक जिभाऊ मालकाला म्हणाले, "कंपनीनं खाणं बंद करा. आमना कुत्रा भाकर खाईसनच वाढना." म्हणजे, आमचा कुत्रा भाकर खाऊनच वाढला. त्यावर ट्रॅकसूट घातलेल्या एका गृहस्थांनी लगेच सुनावलं, की स्वस्तातलं खाद्य घातलं तर असंच होणार; प्रीमियम घ्या, ग्रेन फ्री म्हणजे बिनधान्याचं घ्या, जीव लावलाय तर पैशाकडे काय बघता? अर्धा तास दोन्ही बाजू एकमेकांवर तुटून पडल्या. एकाला सगळं पाकीटबंद अन्न विष वाटत होतं, दुसऱ्याला घरची भाकरी म्हणजे अडाणीपणा.

त्या अर्ध्या तासात मालकाला कोणी विचारलं नाही, की पिल्लू नेमकं काय खातं, किती खातं आणि त्या पोत्यावर काय लिहिलंय. शेवटी मी विचारलं. पिल्लांचं पूर्ण खाद्य रोज तीन वेळा चालू होतं, आणि वर सकाळ-संध्याकाळ कॅल्शियमचं सिरप. बाटलीवर लिहिलं होतं, मजबूत हाडांसाठी. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला जादा कॅल्शियम आतड्यातच अडवता येत नाही. ते अंगात शिरतं आणि हाडांची वाढ वेडीवाकडी होते. खाद्यात कॅल्शियम आधीच मोजून घातलेलं होतं. त्याच्या पायांचं नक्की कारण एक्स-रे पाहून डॉक्टरांनीच सांगायचं, पण त्यांनी पहिल्या भेटीत बंद केलं ते सिरप.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. पाकीट की भाकरी, हा प्रश्नच चुकीचा मांडला जातोय. पाकिटातलं अन्न उत्तम असू शकतं, निकृष्टही असू शकतं. घरच्या अन्नाचंही तेच. आपण फसतो ते पोत्याच्या पुढच्या बाजूवरच्या चित्राला आणि चार मोठ्या शब्दांना. विरोध करणारेही त्याच शब्दांशी भांडत राहतात. जनावराच्या पोटात काय जाणार, हे सांगणारा मजकूर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतो. तो वाचणं हे आपलं काम. तो खरा, पुरेसा आणि साध्या माणसाला वाचता येईल असा छापायला लावणं हे सरकारचं काम. या दोन्ही कामांत आपण कमी पडतोय.

वाचणं अवघड आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी जूनमध्ये चोपड्याच्या किंवा पारोळ्याच्या एखाद्या कृषी केंद्रात तासभर उभं राहावं. चौथी शिकलेला शेतकरी "दहा-सव्वीस-सव्वीस द्या" म्हणतो. त्याला माहीत असतं, की शंभर किलोत दहा किलो नत्र, सव्वीस स्फुरद आणि सव्वीस पालाश. गोणीवर डोलणाऱ्या कपाशीचं चित्र आहे म्हणून तो ती उचलत नाही. म्हशीसाठी सरकीची ढेप घेताना तो तुकडा मोडून हुंगतो, घरी बादलीत भिजवून तळाला माती बसते का ते बघतो. दूध घालायला गेला की फॅट आणि एसएनएफचे (फॅट सोडून दुधातल्या बाकीच्या घन भागाचे) आकडे त्याला तोंडपाठ. हाच माणूस, किंवा जळगावात नोकरीला लागलेला त्याचा मुलगा, कुत्र्याचं खाद्य घ्यायला जातो तेव्हा लांडग्याचं चित्र बघून पोतं उचलतो. असं का व्हावं? मला वाटतं, म्हशीचं खाणं बिघडलं की दुसऱ्या दिवशी बादली सांगते. कुत्रा दूध देत नाही. त्याच्या खाण्यातली चूक दिसायला कधी सहा महिने लागतात, कधी सहा वर्षं. ढेपेचा व्यवहार हिशोबाचा असतो, कुत्र्याचा मायेचा. आणि मायेच्या व्यवहारात माणूस हिशोब मागायला लाजतो. जाहिरात नेमकी या लाजेवर उभी आहे.

मीही त्याच लाजेपोटी फसलो. आमचा मोती दोन वर्षांचा असताना त्याला खाज सुटली. पंजे चाटून चाटून लाल, कान सतत खाजवणं, रात्री पलंगाच्या पायाला अंग घासण्याचा आवाज. दुकानदार म्हणाला, "गव्हाची अ‍ॅलर्जी आहे भाऊ, ग्रेन फ्री घ्या." आधीच्या खाद्याच्या जवळजवळ दुप्पट भाव होता. पोत्यावर बर्फात उभा असलेला लांडगा, शेजारी कोंबडीच्या लालबुंद मांसाचा तुकडा, वर "रिअल चिकन", खाली "ग्रेन फ्री". पाच महिने ते पोतं घरात येत राहिलं आणि मोती खाजवत राहिला. मग आमच्या डॉक्टरांनी पोतंच घेऊन बोलावलं. त्यांनी ते टेबलावर पालथं घातलं आणि घटकांच्या ओळीवरून बोट फिरवलं: कोंबडी, कोंबडीचा मांसचुरा, वाटाणा, हरभरा, बटाटा, कोंबडीची चरबी. मग विचारलं, "आधीच्या पोत्यात काय होतं?" कोंबडीच होती. गहू गेला, कोंबडी राहिली. आठ आठवडे मोतीला मासे आणि भात, बाकी एक बिस्किटही नाही. सहाव्या आठवड्यात पंजे कोरडे पडले. नंतर खात्रीसाठी डॉक्टरांच्या सांगण्यावरून कोंबडी दिली, तर चौथ्या दिवशी रात्री पलंगाचा पाय पुन्हा वाजू लागला.

कुत्र्यांमध्ये अन्नाच्या ज्या अ‍ॅलर्जी तपासून सिद्ध झाल्या आहेत, त्यांत गोमांस, दुधाचे पदार्थ आणि कोंबडी पुढे आहेत. गहू त्यांच्या मागे येतो. गव्हाची अ‍ॅलर्जी असणारे कुत्रे असतात, नाही असं नाही. पण "धान्य नाही" हे शब्द खाजेचा इलाज म्हणून खपवले जातात, तेव्हा माझ्यासारखा माणूस चुकीच्या आरोपीमागे पाच महिने धावतो. शिवाय ग्रेन फ्री म्हणजे पीठ नसलेलं, असंही नाही. कोरड्या खाद्याचे दाणे यंत्रातून दाबून, फुलवून काढतात; त्यांना धरून ठेवायला स्टार्च लागतोच. गहू-मका काढला की त्या जागी वाटाणा, हरभरा, मसूर, बटाटा येतो. लांडग्याच्या चित्रामागे आपल्या वरणाचीच डाळ असते. आणि कुत्रा लांडगा राहिलेला नाही, हेही आता नीट माहीत आहे. २०१३ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी 'नेचर' नियतकालिकात दाखवलं, की स्टार्च पचवणारं विकर (एन्झाइम) बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या चुलीजवळ राहून त्याचं पोट बदललं.

त्यात भर म्हणजे जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केलं, की डाळी आणि बटाटा भरपूर असलेलं खाद्य खाणाऱ्या काही कुत्र्यांमध्ये हृदय पसरट आणि दुबळं होण्याच्या आजाराच्या तक्रारी येत आहेत, आणि तपास सुरू केला. डिसेंबर २०२२ पर्यंत खाद्य हेच कारण, असं ठरवता येईल इतका पुरावा हाती आला नाही. तेव्हा ग्रेन फ्री म्हणजे हृदयरोग असं मी म्हणणार नाही. म्हणणं एवढंच, की ज्या गोष्टीचा फायदा सिद्ध नाही आणि धोक्याबद्दल प्रश्न उभा राहिला आहे, तिच्यासाठी दुप्पट पैसे का मोजायचे?

"नो बाय-प्रॉडक्ट्स", म्हणजे मांस काढल्यावर उरणारे जनावराचे भाग यात नाहीत, हा दुसरा शब्द. तो वाचून आपल्या डोळ्यांपुढे पिसं आणि खूर येतात. प्रत्यक्षात बाय-प्रॉडक्ट्स या नावाखाली मुख्यतः काळीज, मूत्रपिंड, फुप्फुसं, पोटाचे भाग येतात. आपल्याकडे खाणाऱ्यांच्या घरी वजडीचा रस्सा कौतुकाने होतो आणि आजारातून उठलेल्याला काळीज देतात. जीवनसत्त्व अ, लोह, तांबं यांच्या दृष्टीने छातीच्या पांढऱ्या मांसापेक्षा काळीज कितीतरी समृद्ध. पाश्चात्त्य गिऱ्हाइकाच्या ताटात जे जात नाही त्याची किळस तिकडे विकली गेली आणि ती आपण इथे जशीच्या तशी विकत घेतली.

आता मागच्या बाजूचा हिशोब एकदा करूनच पाहू. ओल्या खाद्याच्या पाउचवर लिहिलेलं असतं, प्रथिनं ८ टक्के, ओलावा ८० टक्के. शेजारच्या कोरड्या खाद्यावर प्रथिनं २४ टक्के, ओलावा १० टक्के. पाहताक्षणी कोरडं तिप्पट पौष्टिक वाटतं. पण पाणी बाजूला काढा. पाउचमध्ये शंभर ग्रॅमला कोरडा ऐवज वीस ग्रॅम, त्यात आठ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ४० टक्के. कोरड्या खाद्यात नव्वद ग्रॅमला चोवीस, म्हणजे जेमतेम २७ टक्के. चित्र उलटलं. पण पाउच ८० ग्रॅमचा असेल तर त्यात ऐवज फक्त १६ ग्रॅम आणि बाकीचं पाणी, म्हणजे पैशाच्या हिशोबात ते पुन्हा उलटतं. घटकांच्या यादीतही पाण्याचाच खेळ असतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, पण ते वजन शिजवण्याआधीचं. ताज्या कोंबडीत सुमारे सत्तर टक्के पाणी, म्हणून ती पहिल्या नंबरावर दिसते. दाणा कोरडा झाल्यावर तिचा वाटा घसरतो. उलट मका नको त्या नंबरावर दिसू नये म्हणून मका, मक्याचं पीठ, मक्याचं ग्लुटेन (त्यातलं प्रथिन) असा तीन ओळींत विभागता येतो. आणि नाव? अमेरिकेच्या नियमावलीत नुसतं "चिकन" असं नाव द्यायला साधारण ९५ टक्के कोंबडी लागते, "चिकन डिनर" किंवा "रेसिपी" म्हटलं तर २५ टक्के पुरते, "विथ चिकन" म्हटलं तर ३ टक्के, आणि "चिकन फ्लेवर"ला चव ओळखू आली की झालं. इथल्या पोत्यांवर ही इंग्रजी शब्दरचना तशीच उतरलेली दिसते. आणि तिकडे ज्या शब्दाने कायद्याचं बंधन येतं, तो आपण इथे निव्वळ कौतुकाने वाचतो.

या सगळ्यात एकच ओळ निवडायची असेल तर मी "कम्प्लीट अँड बॅलन्स्ड" ही निवडेन, आणि ती कोणत्या वयासाठी लिहिली आहे ते पाहीन. पाउच, बिस्किटं, ग्रेव्ही यांतल्या बऱ्याच पाकिटांवर त्याऐवजी "कॉम्प्लिमेंटरी" असतं, म्हणजे हे तोंडी लावणं आहे, जेवण नाही. आमच्या ओळखीत एका घरी मांजरीला चार महिने नुसत्या अशा पाउचवर ठेवलं होतं. घरच्यांचा काही दोष नव्हता. पुढच्या बाजूला मांजर समाधानाने जीभ फिरवत होती. "कॉम्प्लिमेंटरी" हा शब्द बारकोडच्या खाली होता.

जिभाऊंची बाजू उडवून लावण्यासारखी नाही. कुत्रा स्टार्च पचवतो, हे मी आताच मान्य केलं. हजारो वर्षं तो आपल्या दारात भाकरीच्या तुकड्यावर जगला, हेही खरं. मोठ्या कुत्र्याचं महिन्याचं पोतं शेतमजुराच्या घरात कसं यावं? म्हणून त्या घरात माया कमी, असं म्हणायचा अधिकार ट्रॅकसूटवाल्या गृहस्थांना कोणी दिला? हे सगळं मान्य. तरीही भाकरीचा दाखला पुरत नाही, कारण वाड्यातला, खळ्यातला कुत्रा नुसती भाकरी खात नव्हता. तो खळ्यावरचे उंदीर खायचा, म्हैस व्याली की पडलेला जार खायचा, हाडं चघळायचा, मेलेलं ढोर टाकलं तिथे जायचा. आज तिसऱ्या मजल्यावर साखळीने बांधलेल्या लॅब्राडॉरला आपण त्यातली फक्त भाकरी देतो आणि म्हणतो, पूर्वापार चालत आलंय. मांजरीचं तर विचारूच नका. जुन्या घरात ती दूध-पोळीवर जगते असं वाटायचं. तिचं खरं जेवण धान्याच्या कणगीमागे होतं. मांजर मांसाहारीच प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक तिला तिच्या शरीरात पुरेसा बनवता येत नाही, तो मांसातूनच मिळतो. ज्यांच्या घरात मांस शिजत नाही त्यांनी कुत्रा पाळायचा तर शाकाहारी पण काळजीने जुळवलेला आहार शक्य आहे. मांजरीवर तो प्रयोग करू नये.

दुसरं म्हणजे, आपल्या आठवणीत राहतात ते म्हातारे झालेले कुत्रे. सहा पिल्लांतली जी चार पावसाळ्यात गेली, ती कोणाला आठवतात? आणि आजचं उष्टं पूर्वीचं उरलेलं नाही. शेवभाजीच्या तर्रीत कांदा असतो, लसूण असतो, काळा मसाला असतो. कांदा-लसणाने कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. जे शिकलेले लोक पाकीट सोडून उकडलेली कोंबडी आणि भात सुरू करतात, त्यांच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण त्यांना आपण अचूक करतोय याची खात्री असते. हाडाशिवायच्या मांसात स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नसतंच. पिल्लू मग ते स्वतःच्या हाडांतून काढून घेतं. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या, तर ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी निघाला. घरचं जेवण देता येतं, पण मोजून. आपल्या घरातल्या म्हशीला तरी आपण खुराक अंदाजाने कुठे घालतो?

कंपन्यांच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण त्यांचं श्रेय न देणं अप्रामाणिक होईल. कुत्र्या-मांजरांच्या आहाराचं बरंच ज्ञान त्यांच्या पैशाने उभं राहिलं. एका मोठ्या खाद्य कंपनीने ४८ लॅब्राडॉरवर आठ आठवड्यांच्या वयापासून मरेपर्यंत प्रयोग चालवला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला. २००२ साली निष्कर्ष आला, की कमी खाणारे सरासरी पावणेदोन वर्षांहून जास्त जगले. कुत्र्याच्या आयुष्याबद्दल याहून मोलाची गोष्ट मला माहीत नाही, आणि ती खाद्य विकणाऱ्यांनीच शोधली. पण ती पोत्याच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापलेली मी अजून पाहिलेली नाही. ज्या ज्ञानाने पोतं हळू संपेल, ते पुढे येत नाही. कंपनीचं विज्ञान आणि कंपनीची जाहिरात या दोन वेगळ्या खोल्या आहेत, आणि आपल्याला दुसऱ्या खोलीतून माल दाखवला जातो.

ही जाहिरात या धंद्याच्या जन्मापासून आहे. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन माणूस लंडनला गेला. बंदरावरची कुत्री जहाजांवरची कडक बिस्किटं खाताना पाहून त्याने कुत्र्यांची बिस्किटं काढली. त्यांत अमेरिकेतल्या कुरणांवरच्या गुरांचं मांस आहे, असं तो सांगे. मांस नेमकं कुठलं आणि कसलं, ते मात्र त्याने गुपित ठेवलं. त्याच्याच कंपनीत वाढलेल्या चार्ल्स क्रफ्टने १८९१ मध्ये क्रफ्ट्स हे प्रसिद्ध श्वानप्रदर्शन सुरू केलं. कुरणाच्या जागी आता बर्फ आणि लांडगा आलाय, एवढंच.

सगळ्यात बिनतोड आक्षेप मात्र वेगळाच आहे, आणि तो माझ्यावर आहे. मागची बाजू वाचा म्हणता. तीच खोटी असेल तर? २००७ साली उत्तर अमेरिकेत कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे प्लास्टिक बनवायला वापरतात ते रसायन मिसळलं होतं. प्रथिनं मोजताना प्रयोगशाळा प्रथिनं मोजतच नाही, नत्र मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. मेलामाइनमध्ये वजनाच्या दोन-तृतीयांश नत्र असतं. चिमूटभर टाकलं की आकडा फुगतो. दुधाला युरिया मारून एसएनएफ चढवणाऱ्यांची युक्ती आपल्या दूध उत्पादकांना माहीत आहे. ही तिचीच बहीण. त्या पोत्यांच्या मागे प्रथिनांचा आकडा बरोबर छापलेला होता. प्रामाणिक खाद्यातही आकडा पुरा नसतो. मांजरींचं पूर्ण खाद्य म्हणून विकलं जाणारं अन्न त्या काळच्या मानकात बसत होतं, तरी त्यात टॉरिन कमी पडत होतं. १९८७ साली पशुवैद्यांनी ते दाखवलं आणि टॉरिन दिल्यावर मांजरींची दुबळी झालेली हृदयं सुधारली, तोपर्यंत कितीतरी मांजरी गेल्या असतील.

मग लेबल वाचून काय मिळणार? मी याचं उत्तर अमळनेरमध्ये शोधतो. १९४५ साली तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तूप बनवणारी कंपनी निघाली, जिला पुढे सगळं जग विप्रो म्हणून ओळखू लागलं. डालडा त्याआधीच, १९३७ पासून, बाजारात होता. वनस्पती विष आहे असं एक बाजू म्हणे, ते तुपासारखंच आहे असं दुसरी. त्या आरडाओरड्यातून गृहिणीला काही मिळालं नाही. तिच्या कामी आला तो एक साधा नियम: वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचं तेल घालायचं. तिळाच्या तेलाला हायड्रोक्लोरिक आम्ल आणि साखर दाखवली की गुलाबी रंग येतो. तुपात वनस्पती मिसळलं तर शाळेच्या प्रयोगशाळेतसुद्धा चोरी पकडता येऊ लागली. आणि त्याच गोष्टीचा दुसरा अर्धा भागही विसरता येणार नाही. वनस्पतीतला खरा धोका ट्रान्स फॅटचा, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या चरबीचा निघाला, आणि त्यासाठी डब्यावर कित्येक दशकं ओळच नव्हती. जी ओळ मागितली नाही ती छापली गेली नाही. जानेवारी २०२२ मध्ये आपल्याकडे तेल आणि वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली, तोवर तीन पिढ्या जेवून उठल्या होत्या.

म्हणून लेबल अपुरं आहे, या आक्षेपाने मी मागे हटत नाही. त्याने माझी मागणी वाढते. दहा-सव्वीस-सव्वीसवर शेतकरी विश्वास ठेवतो, तो गोणी देखणी आहे म्हणून नव्हे. १९५७ पासून खत नियंत्रण आदेश आहे, १९८५ साली तो नव्याने आला. निरीक्षक नमुना घेतो, आकडा चुकला तर जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली खटला होतो. त्या आकड्यामागे कोणीतरी उभं आहे. कुत्र्याच्या खाद्यामागे कोण उभं आहे? २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात अन्नाची व्याख्या माणसाच्या खाण्यापुरती आहे आणि जनावरांचं खाद्य त्यातून स्पष्ट शब्दांत वगळलेलं आहे. भारतीय मानक ब्युरोने कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचं मानक काढलेलं आहे, पण दुकानात त्यावर बोट ठेवून विचारणारं गिऱ्हाईक मी पाहिलेलं नाही. "ह्युमन ग्रेड", "होलिस्टिक", "सुपर प्रीमियम" हे शब्द कोणीही कशावरही छापू शकतो आणि छापतो. माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. पूर्ण जेवण की तोंडी लावणं, हे पुढच्या बाजूला मराठीत आणि हिंदीत लिहा. शंभर ग्रॅमला किती कॅलरी, ते लिहा. कोंबडीचं चित्र छापायचं तर कोंबडी किती टक्के, ते चित्राखालीच लिहा. खाद्याचं सूत्र कोणी ठरवलं आणि तो माणूस काय शिकलाय, हे विचारल्यावर कळलं पाहिजे. आणि खताचा घेतात तसा याचाही नमुना कोणीतरी घ्यावा.

पण एका गोष्टीसाठी कायद्याची वाट बघायची गरज नाही, आणि खान्देशातल्या बहुतेक गिऱ्हाइकांसाठी तीच सगळ्यात मोठी आहे. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, कुठेही जा, बरंच खाद्य सुटं विकलं जातं. वीस किलोचं पोतं फोडायचं, दुकानाच्या दारात पत्र्याच्या डब्यात ओतायचं आणि पांढऱ्या पिशवीत किलो-दोन किलो द्यायचं. ज्याला पूर्ण पोतं परवडत नाही तो ते घेतो, आणि त्याच्या हातात मागची बाजूच येत नाही, पुढचीही नाही. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ वर जातो. त्या उन्हात उघड्या डब्यातली चरबी खवट होते, जीवनसत्त्वं उडतात. पावसाळ्यात मक्याला बुरशी धरली तर अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, आणि कुत्र्याचं यकृत त्याला फार लवकर बळी पडतं. आपला मका काळा पडला तर आपण तो बैलापुढेही टाकत नाही. इथे तो दळून, रंगवून, दाणे बनून येतो, त्यामुळे डोळ्याला काही दिसत नाही.

मी ज्या दुकानातून खाद्य घेतो त्या मुलाशी मी यावर तीन वेळा बोललो. पहिल्यांदा तो म्हणाला, गिऱ्हाईक विचारत नाही. खरं होतं ते. दुसऱ्यांदा मी त्याला डब्याला झाकण लावायला आणि डबा दारातून आत घ्यायला सांगितलं, ते त्याने केलं. तिसऱ्या वेळी सांगितलं, की पोतं फोडलंस की मागची बाजू कात्रीने काप आणि डब्यावर चिकटव. गेल्या सोमवारी गेलो तर तीन डब्यांवर तीन तुकडे चिकटवलेले होते. एक बाई आपल्या मुलाला घेऊन त्यातला एक वाचत उभ्या होत्या, मुलगा इंग्रजी शब्द जुळवत होता. मी जवळ जाऊन पाहिलं. कापताना खालची पट्टी गेली होती, बनवल्याची तारीख त्यातच होती. मी खिशातला पेन काढून दुकानदाराला दिला.